कोल्हापूरची पत्रं आणि आगरकरांचे एकशे एक दिवस

आगरकर म्हटलं की तुमच्यापैकी बऱ्याच जणांना आधी क्रिकेटमधला अजित आठवेल. इथे गोष्ट आहे गोपाळ गणेश आगरकरांची. शाळेत त्यांच्याबद्दल चार ओळी तुम्ही वाचल्या असणार : केसरीचे पहिले संपादक, ‘सुधारक’ काढणारे, फर्ग्युसन कॉलेजचे प्राचार्य, टिळकांचे आधी जिवलग मित्र आणि मग कडवे विरोधक. आणखी एक ओळ असते, ती मात्र घाईत उरकली जाते. वयाच्या सव्विसाव्या वर्षी आगरकर मुंबईच्या डोंगरी तुरुंगात एकशे एक दिवस होते.

कशासाठी? मोर्चा काढला म्हणून नाही, की सरकारविरुद्ध बंड केलं म्हणूनही नाही. एक बनावट कागद त्यांनी खरा मानला आणि पुढे केला, म्हणून. आणि तो कागद होता आपल्या कोल्हापूरच्या कारभाराबद्दलचा.

जुनी गाडी विकून, गॅदरिंगची स्पॉन्सरशिप घेऊन किंवा पहिल्या छोट्या धंद्याचा माल देऊन तुम्ही उद्या कुणाकडून तरी चेक घेणार आहात. तो खरा की खोटा, हे तुम्हाला घेण्याआधी ओळखायचं आहे, घेतल्यानंतर नाही. म्हणून ही गोष्ट जरा सविस्तर बघूया.

टेंभूचा मुलगा

आगरकरांचा जन्म १४ जुलै १८५६ चा, कराडजवळच्या टेंभू गावचा. म्हणजे कोल्हापूरहून पुण्याला जाताना जे कराड लागतं, त्याच्या अगदी जवळचा. घरची परिस्थिती अशी, की शिक्षण ही चैनच. कराडात थोडं शिकले, मग कचेरीत कारकुनी केली, दवाखान्यात कंपाउंडरचं काम केलं. शिकायचं म्हणून रत्नागिरी गाठली, तिथे जमेना तेव्हा परत आले. शेवटी नातेवाइकांच्या आधाराने अकोल्याला पोचले आणि तिथून १८७५ साली मॅट्रिक झाले. अकोल्याच्या शाळेतले शिक्षक विष्णु मोरेश्वर महाजनी यांनी या हुशार पण रिकाम्या खिशाच्या मुलाला हात दिला.

पुढे पुण्याचं डेक्कन कॉलेज. तिथली त्यांची एक आठवण आजही सांगितली जाते. अंगात घालायला एकच सदरा, तो रात्री धुवायचा आणि सकाळी वाळला की तोच चढवायचा. वर्तमानपत्रात लेख लिहून आणि स्कॉलरशिप मिळवून त्यांनी फी भरली. १८७८ ला बीए झाले आणि मग एमएला बसले. त्या काळचा एमए म्हणजे सरकारी नोकरीचं दार सताड उघडं. घरी आई वाट बघत होती, की आता मुलगा मोठ्या पगारावर चढेल आणि दिवस पालटतील. आगरकरांनी तिला पत्राने सरळ कळवून टाकलं, की तशी आशा धरू नकोस. पोटापुरतं मिळवीन आणि उरलेला वेळ लोकांच्या कामात घालवीन.

हे एवढ्यासाठी सांगायचं, की पुढे जे घडलं ते एखाद्या लोभी माणसाच्या हातून घडलेलं नाही. बनावट कागदाला लोभीच माणसं फसतात, असा आपला एक समज असतो. तो खरा नाही.

कॉलेजात त्यांना टिळक भेटले. दोघं एकाच वर्षाचे, दोघांचाही जन्म जुलै १८५६ चा. विष्णुशास्त्री चिपळूणकरांच्या पुढाकाराने जानेवारी १८८० मध्ये पुण्यात न्यू इंग्लिश स्कूल सुरू झालं. परीक्षा आटोपून आगरकरही तिथे शिकवायला आले. वर्षभरात, जानेवारी १८८१ मध्ये, याच मंडळींनी दोन वर्तमानपत्रं काढली. मराठी केसरीचे संपादक आगरकर आणि इंग्रजी मराठाचे टिळक. दोघांचं वय तेव्हा चोवीस. आज तुमच्यातले काही जण त्या वयात स्पर्धा परीक्षेचा दुसरा अटेम्प्ट देत असतात.

तेव्हा कोल्हापुरात काय चाललं होतं

कोल्हापूरचे राजाराम महाराज १८७० साली युरोपच्या प्रवासात फ्लॉरेन्सला वारले. त्यांच्यामागे दत्तक आले ते चौथे शिवाजी महाराज. १८८१ साली त्यांनी विशीही गाठलेली नव्हती. संस्थानाचा कारभार ब्रिटिश अधिकारी आणि कारभारी रावबहादूर माधवराव बर्वे यांच्या हाती होता. महाराजांचं डोकं ठिकाणावर नाही, असं सरकारी बाजूने सांगितलं जात होतं. लोकांत मात्र वेगळीच कुजबुज होती. महाराज धडधाकट आहेत, त्यांना मुद्दाम छळलं जातंय, अशी.

ही कुजबुज पुण्यापर्यंत गेली. छत्रपतींच्या गादीवरच्या पोरसवदा राजाचे हाल होताहेत, हे ऐकून पुण्यातल्या तरुण संपादकांचं रक्त तापलं नसतं तरच नवल. १८८१ च्या अखेरीपासून केसरी आणि मराठा या दोन्ही पत्रांत कोल्हापूर प्रकरणावर जळजळीत मजकूर येऊ लागला.

आणि मग काही पत्रं हाती आली. कारभारी बर्वे यांनी स्वतः लिहिल्याची म्हणून. त्यांतून महाराजांविरुद्ध कट चालल्याचं दिसत होतं. ज्याची शंका होती, नेमका त्याचाच पुरावा! आजूबाजूच्या जाणत्या माणसांचाही त्यांवर विश्वास बसला. मजकूर छापला गेला.

बर्व्यांनी अब्रुनुकसानीचा खटला भरला.

कोर्टात कागद उघडला

आता जरा बर्व्यांच्या जागी उभं राहून बघा. आपण न लिहिलेली पत्रं आपल्या नावावर खपवली गेली आहेत आणि ती वाचून गावोगावचे लोक आपल्याला राजद्रोही म्हणताहेत. त्यांना कोर्टात जाण्यावाचून दुसरी वाट नव्हती. बनावट कागदाच्या गोष्टीत आपण नेहमी फसलेल्याकडे बघतो. ज्याची सही चोरली गेली, तो माणूस बाजूलाच राहतो.

खटला मुंबईच्या हायकोर्टापर्यंत गेला. पुण्यात आगरकर-टिळकांच्या बाजूने मोठी सहानुभूती होती. खर्चासाठी वर्गणी जमली, विद्यार्थ्यांनी नाटक करून पैसे उभे केले. महात्मा फुले यांचं या मंडळींशी पटत नसे, चिपळूणकरांनी तर त्यांच्यावर सडकून टीका केली होती. तरीही जामिनाची वेळ आली तेव्हा फुल्यांच्या सांगण्यावरून त्यांचे स्नेही रामशेट बापूशेट उरवणे दहा हजार रुपयांना जामीन राहिले. खटला चालू असतानाच, १७ मार्च १८८२ रोजी, चिपळूणकरांचं निधन झालं आणि या तरुणांच्या डोक्यावरचं वडीलधारं छत्रही गेलं.

लोकांची सहानुभूती होती, हेतू चांगला होता, बाजू मांडायला वकील होते. फक्त पत्रं खरी नव्हती. ती बनावट असल्याचं कोर्टात उघड झालं आणि सगळा बचाव कोसळला. दोघांनी माफी मागितली. बर्व्यांनी खटला मागे घेतला नाही. जुलै १८८२ मध्ये दोघांना चार महिन्यांच्या साध्या कैदेची शिक्षा झाली. आगरकरांना सव्विसावं वर्ष नुकतंच पूर्ण झालं होतं, आणि टिळकांचा सव्विसावा वाढदिवस तुरुंगातच उजाडला.

चूक नेमकी कुठे झाली? पत्रं आणणाऱ्याकडे बघून ती खरी मानली गेली. ज्याच्या नावाची होती, त्याने ती लिहिली का, याचा पक्का पुरावा छापण्याआधी हातात नव्हता. तेव्हा तो मिळवणं सोपंही नव्हतं म्हणा. कोल्हापूरला रेल्वे आली ती १८९१ साली. त्याआधी पुणे-कोल्हापूर म्हणजे रस्त्याने कित्येक दिवसांचा प्रवास. आज तुमच्या हातात फोन आहे, तुम्हाला एवढी सबब नाही.

दुसरं कारण याहून अवघड आहे. आगरकर म्हणजे प्रत्येक गोष्ट बुद्धीच्या कसोटीवर घासून घेणारा माणूस. मिल आणि स्पेन्सर वाचलेला. शास्त्रात लिहिलंय म्हणून मान्य, असं न म्हणणारा. असा माणूस पत्रांना कसा फसला? कारण ती पत्रं खरी निघावीत अशीच त्याची इच्छा होती. जो कागद आपल्याला नकोसा असतो, तो आपण उलटसुलट करून दहादा बघतो. हवासा कागद मात्र घडी न उलगडताच खिशात जातो.

लंडनचा मोठा पेपरही फसला

ही काही पुण्याच्या पोरांचीच चूक नव्हे. पाचच वर्षांनी, एप्रिल १८८७ मध्ये, लंडनच्या टाइम्सने आयर्लंडचे नेते पार्नेल यांच्या सहीचं म्हणून एक पत्र छापलं. त्यात एका राजकीय खुनाचं समर्थन होतं. टाइम्सने अशी पत्रं पैसे मोजून मिळवली होती. चौकशी आयोग बसला आणि फेब्रुवारी १८८९ मध्ये पत्रं पुरवणारा रिचर्ड पिगॉट साक्षीला उभा राहिला. पार्नेल यांच्या वकिलाने त्याला काही शब्द कागदावर लिहून दाखवायला सांगितले. त्यातला ‘हेझिटन्सी’ हा शब्द त्याने चुकीच्या स्पेलिंगने लिहिला. बनावट पत्रांपैकी एकातही नेमकी तीच चूक होती. पिगॉट माद्रिदला पळाला आणि तिथे त्याने आत्महत्या केली. टाइम्सला पार्नेल यांना ५,००० पौंड द्यावे लागले.

खोटा कागद बहुतेक वेळा एखाद्या छोट्या गोष्टीत पकडला जातो. फक्त ती गोष्ट वेळेवर बघणारं कुणी तरी लागतं.

आता तुमच्या हातातला चेक

एक योगायोग बघा. चेक, हुंडी, प्रॉमिसरी नोट यांचा जो कायदा आजही आपल्याकडे चालतो, तो १८८१ चाच. म्हणजे कोल्हापूर प्रकरण पेटलं त्याच वर्षीचा. तो लागू झाला १ मार्च १८८२ ला, खटला चालू असताना.

त्याआधी आपल्या पेठांत हुंडी चालायची. शाहजोग हुंडी नावाचा एक प्रकार होता. ती घेऊन येणाऱ्या कुणालाही पैसे मिळत नसत. बाजारात पत असलेल्या, ओळखीच्या सावकारामार्फतच ती सकारली जाई. म्हणजे कागदासोबत माणूसही पारखला जाई. जुने व्यापारी काही उगाच ताटकळत ठेवायचे नाहीत.

तर समजा, तुम्ही जुनी मोटरसायकल विकताय. शनिवारी संध्याकाळी एक जण येतो, घासाघीस न करता किंमत मान्य करतो, चेक काढून देतो आणि गाडी आत्ताच हवी म्हणतो. तुम्ही काय करायचं?

आधी चेक नीट बघा. तारीख तीन महिन्यांच्या आतली आहे का? त्यापेक्षा जुना चेक बँक घेत नाही. तुमचं नाव बरोबर आहे का? अक्षरी आणि आकडी रक्कम जुळते का? कुठे खाडाखोड किंवा गिरवागिरव आहे का? आताच्या पद्धतीत नाव किंवा रक्कम खोडून दुरुस्त केलेला चेक चालतच नाही, शेजारी सही केली असली तरी.

मग चेक उजेडापुढे धरा. सध्याच्या चेकच्या कागदात ‘सीटीएस इंडिया’ असा वॉटरमार्क असतो. डाव्या कडेला छापखान्याच्या नावाजवळ ‘सीटीएस २०१०’ असं बारीक अक्षरात छापलेलं असतं. झेरॉक्स काढली की चेकवर एरवी न दिसणारा ‘व्हॉइड’ किंवा ‘कॉपी’ असा शब्द उमटतो, तशी छपाईच केलेली असते. हातात आलेल्या चेकवर तो शब्द आधीच दिसत असेल, तर तो चेक नाही, चेकची झेरॉक्स आहे.

तळाच्या पांढऱ्या पट्टीतले आकडे वाचा. पहिले सहा आकडे चेकचा नंबर. त्यानंतरच्या नऊ आकड्यांतले पहिले तीन शहराचे, पुढचे तीन बँकेचे आणि शेवटचे तीन शाखेचे. कोल्हापूरच्या शाखांचा आकडा ४१६ ने सुरू होतो, पुण्याचा ४११ ने, मुंबईचा ४०० ने. चेकवर शाखा राजारामपुरीची छापलीय आणि खालचा आकडा भलत्याच शहराचा आहे, तर थांबा.

आता लक्षात ठेवायची गोष्ट. हे सगळं जुळलं तरी चेक खरा ठरत नाही. चोरलेल्या चेकबुकातलं पान असेल तर कागद अस्सलच असणार, सही तेवढी खोटी. खरा चेक असूनही खात्यात पैसे नसतील, हे तर नेहमीचंच. तेव्हा कागद बघून झाला की आगरकरांच्या खटल्यातला प्रश्न विचारा : ज्याचं नाव आहे, त्याने हा लिहिला का?

समोरच्याचं नाव आणि चेकवरच्या खातेदाराचं नाव एकच आहे का? मामाच्या फर्मचा आहे, साहेबांनी दिलाय, असं उत्तर आलं तर त्या मामाशी किंवा साहेबांशी बोला. शाखेत चौकशी करायची असेल तर तिचा फोन नंबर स्वतः शोधा. आणणाऱ्याने दिलेल्या नंबरावर फोन केलात, तर पलीकडून त्याचाच साथीदार ‘हो, बरोबर आहे’ म्हणेल. बँक तुम्हाला दुसऱ्याच्या खात्यातली शिल्लक सांगणार नाही, ते बरोबरच आहे. म्हणून सगळ्यात भक्कम उपाय एकच : चेक वटेपर्यंत गाडी द्यायची नाही. स्लिप भरली म्हणजे चेक वटला असं नव्हे. पैसे खात्यात पक्के जमा झाल्याचं बँकेकडून कळलं की मगच किल्ली हातात. डिमांड ड्राफ्टलाही हाच नियम, कारण तोही बनावट निघू शकतो. आणि समोरच्याने पैसे पाठवल्याचा स्क्रीनशॉट दाखवला तर त्याच्या मोबाइलकडे नको, स्वतःच्या खात्याकडे बघा.

एक ठरलेला डाव तर पाठच करून ठेवा. व्यवहार तीस हजारांचा, चेक येतो पन्नास हजारांचा. चुकून जास्त लिहिला गेला, वरचे वीस हजार ऑनलाइन परत करा, म्हणतात. तुमचे वीस हजार खरे असतात आणि लगेच जातात. त्याचा चेक चार दिवसांनी परत येतो. जास्त रकमेचा चेक घ्यायचाच नाही, बरोबर रकमेचा नवीन मागायचा.

बँकांनीही हा प्रश्न आता नियमात बसवलाय. १ जानेवारी २०२१ पासून पॉझिटिव्ह पे नावाची सोय आहे. पन्नास हजार किंवा त्याहून मोठ्या रकमेचा चेक दिला, की खातेदार आपल्या बँकेला चेकचा नंबर, तारीख, नाव आणि रक्कम कळवतो. चेक आला की बँक ते ताडून बघते. पाच लाख आणि वरच्या चेकसाठी बँका हे सक्तीचं करू शकतात. म्हणजे मोठा चेक घेताना पॉझिटिव्ह पे केलंय का, हे तुम्ही बेधडक विचारू शकता. ज्याचं नाव आहे त्यालाच विचारायचं, एवढाच त्याचा अर्थ. प्रामाणिक माणूस यावर चिडत नाही. जो चिडतो आणि घाई करतो, त्याच्या बाबतीत तुम्हाला उत्तर मिळालेलंच आहे.

कायदा आहे की, मग भीती कशाची, असं तुम्ही म्हणाल. खात्यात पैसे नसताना दिलेला चेक परत आला तर तो गुन्हा आहे. कलम १३८ हे १८८१ च्या कायद्यात १९८८ साली घातलं गेलं. चेक परत आल्याचं कळल्यापासून तीस दिवसांत लेखी नोटीस द्यायची, समोरच्याला पैसे द्यायला पंधरा दिवस मिळतात, नाही दिले तर पुढच्या महिन्याभरात कोर्टात तक्रार. पण हे सगळं खऱ्या सहीच्या चेकसाठी. सहीच बनावट असेल तर ज्याचं खातं आहे त्याच्याकडे तुम्ही पैसे मागू शकत नाही, कारण त्याने काही लिहिलेलंच नाही. आणि ज्याने लिहिलं, त्याचं खरं नावही तुम्हाला ठाऊक नसतं. पोलिसांत तक्रार जरूर करा. गाडी मात्र गेलेली असते.

डोंगरीतले दिवस

आता परत आगरकरांकडे. डोंगरीच्या तुरुंगात दोघा मित्रांना एका लहानशा खोलीत ठेवलं होतं. अन्न जेमतेम, वजन घटत चाललेलं. आगरकरांना दम्याचा त्रास, त्यात मुंबईचा पावसाळा. तरी रात्री उशिरापर्यंत शाळा, कॉलेज, समाजसुधारणा यांवर त्यांचे वाद इतक्या वरच्या आवाजात चालत, की पहारेकऱ्याला गप्प करायला यावं लागे. याच काळात आगरकरांनी शेक्सपिअरच्या हॅम्लेटचं मराठी रूपांतर हाती घेतलं. पुढे ते ‘विकारविलसित’ नावाने छापलं गेलं. त्या नाटकातही एक बनावट पत्र आहे. हॅम्लेट मूळ पत्र बदलतो, त्यावर राजाची मोहोर उमटवतो आणि मोहोर बघून इंग्लंडचा राजा ते खरं मानतो. ज्यांनी ते पत्र नेलं, त्यांना आत काय लिहिलंय हेही माहीत नसतं आणि जीव जातो तो त्यांचाच.

वागणूक चांगली म्हणून काही दिवसांची सूट मिळाली आणि २६ ऑक्टोबर १८८२ रोजी दोघं सुटले. बाहेर स्वागताला गर्दी होती. लोकांनी त्यांना हिरो केलं होतं. अशा वेळी झालं-गेलं विसरून हार घालून घेणं सोपं असतं. आगरकरांनी त्या दिवसांवर पुस्तकच लिहिलं, डोंगरीच्या तुरुंगातले आमचे एकशे एक दिवस. तुरुंगातल्या हालांकडेही ते त्यात थट्टेच्या सुरात बघतात, स्वतःची कीव कुठेच करत नाहीत.

या गोष्टीतला सगळ्यात कडू भाग मात्र यानंतरचा आहे, आणि तो आपल्या कोल्हापूरचा आहे. चौथ्या शिवाजी महाराजांना पुढे अहमदनगरच्या किल्ल्यात ठेवण्यात आलं. तिथे २५ डिसेंबर १८८३ रोजी, त्यांच्या दिमतीला दिलेल्या ग्रीन नावाच्या गोऱ्या शिपायाशी झालेल्या झटापटीत त्यांचा मृत्यू झाला. वय अवघं वीस. म्हणजे महाराजांबद्दल लोकांना वाटणारी काळजी काही पोकळ नव्हती. पण त्या काळजीच्या बाजूने जो कागद कोर्टात गेला तो खोटा निघाला, आणि खरी तक्रारही त्याच्याबरोबर बुडाली. तुम्ही एखाद्या अन्यायाविरुद्ध पोस्ट शेअर करता, त्यात एक खोटा फोटो किंवा एक बनावट सरकारी पत्र असलं, की समोरचा त्या एकाच गोष्टीवर बोट ठेवून बाकीचं सगळं उडवून लावतो. चांगल्या कामासाठी खोटा कागद चालून जाईल असं कुणाला वाटत असेल, तर त्याने हे प्रकरण आठवावं. महाराजांच्या मागे १७ मार्च १८८४ रोजी कागलच्या घाटगे घराण्यातले यशवंतराव दत्तक आले. तेच आपले राजर्षी शाहू महाराज.

पुढची तेरा वर्षं

तुरुंगातून आल्यावर आगरकर थांबले नाहीत. १८८४ साली डेक्कन एज्युकेशन सोसायटी आणि १८८५ साली फर्ग्युसन कॉलेज सुरू झालं, त्यात ते होते. समाजसुधारणेच्या प्रश्नावर टिळकांशी मतभेद वाढले, तेव्हा त्यांनी केसरी सोडला आणि १८८८ साली ‘सुधारक’ काढला. त्याची इंग्रजी बाजू काही काळ गोपाळ कृष्ण गोखल्यांनी सांभाळली. गोखल्यांचं शिक्षण कागल-कोल्हापूरकडचं, आपल्या राजाराम कॉलेजातही ते शिकले होते.

‘सुधारक’मधून आगरकर बालविवाह, केशवपन, अस्पृश्यता यांवर तुटून पडले. मुलींना मुलांसारखंच शिक्षण द्या म्हणाले. रूढी जुनी आहे म्हणून खरी, हे त्यांना कधीच पटलं नाही. ती कुणी घातली, कशासाठी घातली, आज उपयोगाची आहे का, असं ते एकेका रूढीला विचारत. चिडलेल्या लोकांनी ते जिवंत असताना त्यांची प्रेतयात्रा काढली. ते लिहीतच राहिले. १८९२ साली फर्ग्युसनचे प्राचार्य झाले. दम्याने शरीर पोखरत चाललं होतं. १७ जून १८९५ रोजी ते गेले, वयाची एकोणचाळीस वर्षंही पुरी झाली नव्हती.

ते गेल्यावर उशाशी एक पुडी सापडली, असं सांगतात. तिच्यात स्वतःच्या अंत्यविधीपुरते पैसे बांधून ठेवलेले होते. आपल्या जाण्याचा खर्चही दुसऱ्यावर पडू नये म्हणून.

इतक्या चोख माणसालाही एका कागदाने एकशे एक दिवस तुरुंगात बसवलं, हे विसरू नका. पुढच्या वेळी कुणी हातात चेक ठेवेल आणि लगेच गाडीची किल्ली मागेल, तेव्हा आपण कुणावर संशय घेतोय असं वाटून अवघडू नका. वटल्यावर घेऊन जा, असं हसून सांगा आणि किल्ली खिशात ठेवा.